कोकणात जुनं घर घेताय? आधी गडग्याच्या दोन्ही बाजूंनी चालून या

रत्नागिरी जिल्ह्यात भूकरमापक म्हणून, म्हणजे जमिनी मोजणारा सरकारी माणूस म्हणून, माझी नोकरी झाली. सुरुवातीला साखळी आणि प्लेन टेबल, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन, आणि निवृत्तीच्या आधी उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर हातात आला. यंत्रं बदलत गेली, पण मोजणीच्या दिवशी बांधावर समोरासमोर उभी राहणारी दोन घरं तशीच राहिली. त्यातली कितीतरी भांडणं एकाच कारणाने सुरू झालेली मी पाहिली: घर घेताना माणसाने कौलं बघितली, विहिरीचं पाणी चाखलं, रस्ता कुठवर येतो ते बघितलं, आणि कुंपण मात्र आहे तसं धरून चालला.

डोंबिवलीच्या माझ्या भाचीने लांज्याच्या बाजूला एक जुनं घर पसंत केलं. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, भोवती सव्वाअकरा गुंठ्यांचं आवार, मागच्या अंगाला उतार. तिचा फोन आला, "मामा, कागद वकिलांनी बघितलेत, तू एकदा जागा बघून जा." मी गेलो तो मुख्यतः कुंपण बघायला. त्या आवारात आम्ही काय बघितलं, कुठले कागद काढले, कुणाशी बोललो, ते इथे सविस्तर लिहितो. घर राजापूरला घ्या, देवगडला घ्या, नाहीतर चिपळुणात, पद्धत हीच.

आधी चालून या

सोबत कोयता, तीस मीटरची टेप, ओळंबा, थोडा चुना आणि चार्ज केलेला फोन घ्या. पायात बूट हवेतच. गडग्याच्या, म्हणजे कोरडे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, फटीत फुरसं बसलेलं असतं, तेव्हा एकही दगड हाताने उचलून बघू नका. काठीने हलवा.

दाराच्या खांबापासून सुरुवात करून कुंपणाला लागून पूर्ण फेरी मारा. फोनवर चित्रण सुरू ठेवा आणि चालता चालता बोलत जा: इथे गडगा संपला, इथे तार सुरू, इथे फणस, इथे खिंडार. महिन्याभराने कागद समोर घेऊन बसाल तेव्हा या बोलण्याचा उपयोग होतो, कारण चित्रणात सगळी झुडपं सारखीच दिसतात. कोकणातल्या आवाराला एकच कुंपण क्वचित असतं. रस्त्याकडे चिऱ्याचं कंपाऊंड, एका बाजूला गडगा, एका बाजूला करवंदीची किंवा मोगली एरंडाची वई (झुडपांचं कुंपण), आणि चौथ्या बाजूला नुसती शेजाऱ्याच्या कलमांची रांग. प्रत्येक तुकड्याची मालकी वेगळी असू शकते आणि वयही वेगळं, म्हणून प्रत्येक बाजूचा विचार स्वतंत्र करायचा.

आतली फेरी झाली की शेजाऱ्याची परवानगी घेऊन बाहेरून फेरी मारा. लोक हेच टाळतात. भाचीच्या आवारात खालच्या अंगाचा गडगा आतून बघायला ठीक होता, वरचा थर सरळ रेषेत. बाहेरून, म्हणजे उतरून खालच्या परड्यातून (शेजाऱ्याच्या घरामागच्या आवारातून) बघितला तेव्हा मधला दहा-बारा फुटांचा भाग पोट सुटून शेजाऱ्याच्या सुपारीवर झुकलेला दिसला. आतून हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण आत माती गडग्याच्या गळ्यापर्यंत होती.

कुंपण कुणी घातलं, ते कशावरून ओळखायचं

काही खुणा जागेवरच वाचता येतात. तार सहसा खांबाच्या बाहेरच्या अंगाने मारतात, म्हणजे गुरांनी अंग घासलं तरी ती खांबावर रेटली जाते, उपटत नाही. तेव्हा तार ज्या बाजूला नाही, त्या बाजूच्या माणसाने कुंपण घातलं असण्याची शक्यता जास्त. चिऱ्याच्या किंवा विटांच्या कंपाऊंडला टेकूचे पिलर बहुधा बांधणाऱ्याच्या आत असतात, आणि गिलावाही तो आपल्या बाजूने आधी करतो. पण यावर विसंबून खरेदी करू नका. दोन भावांनी मिळून घातलेलं कुंपण वाटणीनंतर एकाच्याच बाजूने नीट राहतं, आणि मग खुणा फसवतात.

झाडं जास्त खरं सांगतात. भाचीच्या पूर्वेकडच्या बाजूला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार होती, दोन-चार पावसाळे पाहिलेली. त्या रांगेच्या आत, साधारण तीन फुटांवर, पांगाऱ्याची जुनी झाडं एका ओळीत उभी. मी एका पांगाऱ्याची साल खरवडून बघितली तर आत गंजलेली तार रुतलेली. झाडाने ती गिळून वर साल धरली होती. पुढच्या झाडातही तसंच. म्हणजे जुनं कुंपण पांगाऱ्यांवरून गेलेलं होतं आणि सिमेंटचे खांब नंतर बाहेर सरकवलेले. बाहेर काय होतं? पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गावाची वाट. विकणाऱ्या गृहस्थांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "गाडी वळवायला जागा हवी होती, म्हणून थोडं पुढे घेतलं. कोणी काही बोललं नाही." आजवर कोणी बोललं नाही, पण गावागावांत पाणंदी मोकळ्या करून रस्ते करायची कामं निघतायत, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्यासाठीच आली. पाणंदीत गेलेलं कुंपण ज्याच्या ताब्यात असेल त्यालाच काढावं लागतं. नवा मालक म्हणून ते तुमच्या दारात येणार.

यानंतर माणसांना विचारायचं. "हद्द कुठे आहे?" असा प्रश्न थेट विचारला की समोरचा सावध होतो आणि आपल्या सोयीचं बोट दाखवतो. त्याऐवजी विचारा, "पावसात हा गडगा पडला तर दिवाळीनंतर कोण रचतं?" याचं उत्तर पटकन आणि खरं येतं. "आमचे वडील रचायचे", "ते वरचे लोक गडी लावतात", "आम्ही अर्धा, ते अर्धा". हाच प्रश्न विकणाऱ्याला, शेजाऱ्याला आणि वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वेगवेगळ्या वेळी विचारा. तिघांचं उत्तर एक आलं तर निम्मं काम झालं. दुसरा प्रश्न रांगेतल्या फणसाबद्दल: "याचे फणस कोण काढतं?" कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असंही असतं, त्याची नोंद कधी सातबाराच्या इतर हक्कांत सापडते, तर कधी फक्त तोंडी चालत आलेली असते. नवीन माणसाने पहिल्याच मे महिन्यात तो फणस उतरवला की पिढ्यान्‌पिढ्यांचं बोलणं बंद होतं.

कुंपणाला खिंडार दिसलं तर ते बुजवायचा विचार करण्याआधी जमिनीकडे बघा. पायाखाली घट्ट झालेली, गवत न उगवणारी पट्टी असेल तर ती पाऊलवाट आहे. विहिरीकडे, देवळाकडे किंवा खालच्या वाडीत जाणारी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, कुणाच्या परवानगीशिवाय आणि अडथळ्याशिवाय वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. अशा वाटेवर गेट लावून कुलूप घातलं की दुसऱ्या आठवड्यात तहसीलदारांची नाहीतर कोर्टाची नोटीस येते. वाट असेल तर ती खरेदीआधीच ठाऊक हवी. तिच्यासकट जागा आवडत असेल तरच घ्या.

कागद, आणि कागदांत काय मिळत नाही

सातबारावर क्षेत्र मिळतं, आकार मिळत नाही. भाचीच्या सातबारावर ०.११.४० होतं, म्हणजे ११ आर ४० चौरस मीटर, ११४० चौरस मीटर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, १०१.१७ चौरस मीटरचा, त्या हिशेबाने सव्वाअकरा गुंठे. पण ते सव्वाअकरा गुंठे लांबट आहेत की चौकोनी, आणि विहीर आत येते की बाहेर, हे सातबारा सांगणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून सर्व्हे नंबरचा आणि हिस्स्याचा नकाशा काढा. हिस्से पडलेले असतील तर फाळणी किंवा पोटहिस्सा नकाशा, आणि मिळालं तर जुनं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीतल्या मापांची नोंद, तीही घ्या.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, वाचा, मागचे सगळे. महामार्गाच्या जवळची जागा असेल तर हे फारच गरजेचं. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ सर्व्हे नंबरांचे तुकडे गेले, कमी-जास्त पत्रकं झाली, सातबाराचं क्षेत्र कमी झालं, पण जागेवरचं कंपाऊंड काही ठिकाणी जुन्याच रेषेवर उभं आहे. कंपाऊंडच्या आत दिसणारी सगळी जागा विकणाऱ्याची आहे असं समजून पैसे दिलेत तर सरकारच्या जमिनीचे पैसे दिलेत.

सातबारावर पाच-सहा नावं सामाईक असतील तर थांबा. वाटप होऊन हिस्सा नकाशावर पडत नाही तोवर आतली कुंपणं फक्त भावाभावांच्या समजुतीची. एका भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेतलात तर तुम्ही हिस्सा घेतलात. गडग्याच्या आतला तो विशिष्ट तुकडा घेतलात असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप आधी करून घ्यायला सांगा, मग पुढे बोला.

घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल तिथे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, आणि २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांतही ती मिळते. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, ज्याला आपल्याकडे असेसमेंट म्हणतात, तो कर कोण भरतो ते सांगतो. मालकीचा पुरावा म्हणून तो धरू नका, कुंपणासाठी तर अजिबात नाही.

शेवटी जुनं खरेदीखत. त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेस पाणंद, पश्चिमेस अमक्याचं परडं, दक्षिणेस ओहोळ. नावं गेलेल्या माणसांची असतील, त्यांचे वारस कोण ते वाडीत विचारून शेजारी पेन्सिलीने लिहा. भाचीच्या विकणाऱ्यांच्या खरेदीखतात "पूर्वेस पाणंद, मध्ये पांगाऱ्याचे कुंपण" असं स्वच्छ लिहिलेलं निघालं. साल खरवडून जे दिसलं तेच कागदाने सांगितलं.

फोनवर दिसणारा भूनकाशा बघायला हरकत नाही, गटाचा आकार आणि लगतचे नंबर कळतात. पण फोनचं जीपीएस झाडांखाली कित्येक मीटर इकडेतिकडे दाखवतं. त्यावरून खांब रोवू नका.

मोजणी

खुणा आणि कागद जुळत नसतील, किंवा शेजाऱ्याने "आमचं थोडं तिकडे आहे" असं नुसतं म्हटलं तरी, सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीचा अर्ज ज्याचं नाव अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबारासारख्या सरकारी नोंदीत, आहे त्यालाच करता येतो. म्हणजे खरेदीआधी तो विकणाऱ्याने करायचा. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, सरळ अट घाला: मोजणी होऊन 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात आल्यावर उरलेली रक्कम. खर्च तुम्ही द्या, अर्ज त्यांचा. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोन आहेत. विकणारा "मोजणीची काय गरज, सगळं आपलंच आहे" म्हणून टाळत असेल तर मी तरी त्या घरात पैसे घालणार नाही.

मोजणीच्या आधी हद्दीकडचं रान बेणून घ्या. मापक तासन्‌तास झुडपांत अडकला तर दिवस वाया जातो. लगतधारकांना (शेजारच्या जमीनमालकांना) कार्यालयाची नोटीस जाते, तरी तुम्ही स्वतः जाऊन सांगा की अमुक दिवशी मोजणी आहे, जरूर या. नोटीस मिळालेला माणूस चिडून येतो, बोलावलेला माणूस बघायला येतो. सगळ्यांसमोर खुणा दाखवल्या जातात तेव्हा प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढा आणि लगेच त्या जागी दगड किंवा सिमेंटचा खुंट पुरा. चुना पहिल्या पावसात जातो. माझी एक सवय सांगतो: प्रत्येक खुणेपासून न हलणाऱ्या दोन जागांपर्यंत, म्हणजे विहिरीचा कठडा आणि घराचा कोपरा अशा, टेपने अंतर मोजून वहीत लिहायचं. उद्या खुंट कुणी उपटला तरी टेप लावून जागा सापडते. हद्दीच्या खुणा मुद्दाम मोडणं हा जमीन महसूल संहितेप्रमाणे दंडाचा विषय आहे, पण दंड होईपर्यंत खुंट नाहीसा झालेला असतो, आणि वहीतलं माप राहतं.

'क' प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी काढलेली असते, खालची सूची वाचून मग बघा. दोन रेषा एकमेकींपासून किती फुटांनी सुटल्यात ते महत्त्वाचं. इथे नोकरीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. जुनी टिपणं साखळी आणि आण्यांत आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. अशा मापांवर उभा राहिलेला नकाशा घेऊन सहा इंचांसाठी भांडणाऱ्या माणसांना मी हात जोडून सांगत आलो की बाबांनो, कागदातच तेवढी बारीक रेघ नाही. फूट-दीड फूट इकडेतिकडे असेल तर शेजाऱ्याशी समजुतीने मिटवा. तीन-चार फूट असेल, किंवा त्यात विहीर, झाड, वाट येत असेल, तर मिटल्याशिवाय खरेदीखत करू नका.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. आणि मोजणी अतिक्रमण दाखवते, हटवत नाही. जमीन परत हवी तर पुढचा रस्ता तहसीलदार किंवा दिवाणी न्यायालय. दुसऱ्याच्या ताब्यात उघडपणे आणि हक्काने बारा वर्षं गेलेली जागा परत मिळवणं फार अवघड होतं, म्हणून "बघू पुढे" हे धोरण इथे चालत नाही. विकणाऱ्याची अकरा वर्षं गेलेली असतील तर तुमच्या हातात एकच वर्ष उरतं.

भाचीच्या मोजणीत पूर्वेची हद्द पांगाऱ्यांवरूनच गेली. सिमेंटचे खांब खरेदीखताआधी विकणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने मागे घेतले. खालचा गडगा पूर्णपणे आपल्या हद्दीत निघाला, म्हणजे तो पडला तर भाचीनेच रचायचा. हे कळल्यावर त्याच्या दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा करून घेता आली. हे खरेदीआधीच बोलावं लागतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पोट सुटलेला गडगा साध्या डोळ्यांना दिसतो. तुम्ही खाली उतरून बघितलं नाहीत, तर नंतर तक्रार करायला जागा नाही.

कुंपणाची तब्येत

सगळ्यात आधी विजेची तार बघा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. रानडुकरं आणि वानरं वाढल्यापासून कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. सौर झटका मशीन थांबून थांबून झटका देते, जनावर बिचकतं आणि मागे फिरतं. पण काही ठिकाणी घरातल्या मीटरवरून थेट तार सोडलेली सापडते. ती माणूस मारते, आणि तो गुन्हा आहे. कुंपणाच्या तारेचा माग घरापर्यंत काढा. घराच्या भिंतीकडे येणारी कुठलीही तार दिसली तर हात लावू नका, मेन स्विच बंद करून वायरमनकडून ती काढून घ्या, मगच पुढची पाहणी.

आता गडगा. कोरड्या दगडांचा गडगा खाली रुंद आणि वर निमुळता हवा. दोन्ही बाजूंना मोठे दगड, मध्ये बारीक भरताड, आणि मधून मधून आरपार गेलेला लांब दगड, जो दोन्ही तोंडांना बांधून ठेवतो. हे आरपार दगड दिसले नाहीत तर गडगा म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन पातळ भिंती, आणि मधलं भरताड पावसात फुगलं की बाहेरची भिंत पोट काढते. ओळंबा लावून बघा. वरचा दगड पायाच्या बाहेर गेला असेल तर तो भाग उतरवून पुन्हा रचायला हवा, वरून सिमेंट थोपून काही होत नाही. उलट सिमेंटने फटी बुजवल्या की आतलं पाणी कोंडतं आणि गडगा लवकर कोसळतो. कोरड्या गडग्याची ताकदच त्याच्या फटींत आहे, पाणी वाटेल तिथून निघून जातं. वड-पिंपळाचं रोप दगडांत दिसलं तर ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. मनगटाएवढं झालं की ते ओढून काढताना गडगाही सोबत येतो. पायथ्याशी घुशींची बिळं आणि ताजी उकरलेली माती असेल तर तिथे पाया पोकळ आहे असं समजा.

उतारावरचा गडगा दोन कामं करतो, हद्द दाखवतो आणि वरची माती धरून ठेवतो. दुसरं काम जास्त जड. त्याच्या पायथ्याशी पाणी बाहेर पडायला मोऱ्या आहेत का, त्या मातीने आणि पाल्याने बुजल्यात का, ते बघा. वरच्या आवारात विकणाऱ्याने नवीन भराव टाकून अंगण सपाट केलं असेल तर जास्त काळजी घ्या. जुन्या गडग्याला इतक्या मातीचा भार कधीच नव्हता. भाचीच्या गडग्याने पोट काढलं ते याच कारणाने: अंगण वाढवायला दीड-दोन फूट माती टाकलेली आणि मोऱ्या त्याच मातीखाली गेलेल्या.

चिऱ्याच्या कंपाऊंडमध्ये चिऱ्याचा कस तपासा. चावीने खरवडा. चांगला जांभा ओरखडा घेतो पण भुकटी होत नाही. पिवळट, मातकट चिऱ्याची भुकटी हाताला लागली आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याला बद्द आवाज आला तर तो चिरा पावसाळ्यागणिक झिजत जाणार. सांध्यांतला माल बोटाने निघतो का बघा. भेगांची दिशा बघा: उभी भेग बहुधा पाया एका बाजूने बसल्याची, आडवी भेग आणि तिच्यावरचा भाग बाहेर कललेला असेल तर मागून माती रेटतेय. आडवी भेग जास्त वाईट. लांबच लांब भिंतीला मध्ये टेकूचे पिलर नसतील तर ती उभी आहे हे नशीब.

लोखंडी अँगल आणि सिमेंटचे खांब जमिनीलगत बघायचे. माती चार बोटं बाजूला करा. गंज नेहमी तिथे लागतो आणि वरचा रंग मात्र चकाकत असतो. वई असेल तर कोयत्याने खालची पानं बाजूला सारून बुंध्यांमधली फट बघा, वर हिरवीगार असलेली वई खाली गुराचं वासरू जाईल इतकी उघडी असू शकते. गेटची बिजागरी, आणि गेट बाहेर रस्त्यावर उघडतं का आत, एवढं बघून पुढे जा.

शहरातल्या बंगल्याच्या प्लॉटला हे जवळपास सगळं लागू आहे, फक्त नकाशा मंजूर लेआउटचा मागायचा. तिथे उंचीचाही नियम आहे: एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत कंपाऊंड भिंत, आणि वरचे ०.९ मीटर जाळी किंवा रेलिंगचे ठेवले तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्याच्या प्लॉटला वळणावर नजर पोचावी म्हणून आणखी बंधनं आहेत. मागच्या मालकाने आठ फुटी भिंत उभी केली असेल तर ती कुणाच्या परवानगीने, ते विचारा.

शेजारी, आणि लिहून ठेवणं

सामान उतरवण्याआधी शेजाऱ्यांकडे जा. गणपती जवळ आले असतील तर आरतीला जा, ओळख तिथे जितकी सहज होते तितकी एरवी महिन्यांत होत नाही. 'क' प्रतीची झेरॉक्स त्यांनाही द्या. खालच्या परड्यातले काका भाचीला म्हणाले, "तुम्ही स्वतःहून नकाशा आणून दिलात, आजवर आम्हाला कोणी दाखवला नव्हता." त्यानंतर गडगा रचताना दगड ठेवायला त्यांनी स्वतःच्या सुपारीच्या बागेत जागा दिली.

सामाईक गडगा असेल तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, पाणी कुठे सोडायचं, फणस कोणाचे, हे साध्या भाषेत स्टॅम्पपेपरवर लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. पण जमिनीची अदलाबदल, अगदी दोन फुटांचीही, अशा कागदावर करू नका. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. तुमच्या खरेदीखतात चतुःसीमांसोबत कुंपणाचंही वर्णन घाला: कुठल्या बाजूला काय आहे, कुणाच्या मालकीचं, आणि 'क' प्रतीचा नकाशा सोबत जोडलेला आहे असा उल्लेख.

पहिल्या पावसाळ्यात, जोराचा पाऊस सुरू असतानाच, इरलं नाहीतर छत्री घेऊन आणि कुदळ हातात घेऊन पूर्ण फेरी मारा. पाणी कुठे साचतं, कुठून गडग्यात शिरतं आणि खाली गढूळ निघतं की स्वच्छ, ते तेव्हाच कळतं. गढूळ निघत असेल तर आतून माती वाहतेय. मोऱ्या जागच्या जागी मोकळ्या करा, वरचं पाणी चर काढून बाजूने वळवा, आणि गडग्याला पोट आलेलं दिसलं तर त्याच दिवशी खालच्या शेजाऱ्याला सांगून त्या खाली कुणी गुरं बांधणार नाही, मुलं खेळणार नाहीत, एवढं बघा. रचायचं काम दिवाळीनंतर माती सुकली की काढा.